बायोमेडिकल इंजिनियरिंगला जायचंय? आधी तालुक्याच्या दवाखान्यात एक चक्कर मारून या

मी बायोमेडिकलला ॲडमिशन घेतली तेव्हा गावात दोन गोष्टी पसरल्या होत्या. एक म्हणजे पोरगं आता अर्धं डॉक्टर होणार. दुसरी आमच्या नानांनी पसरवलेली. सिव्हिल हॉस्पिटलच्या मागं पिवळ्या पिशव्यांवर 'बायोमेडिकल' लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं. ओट्यावर बसून ते सगळ्यांना विचारायचे, "आरे भो, कचरा उचलाले डिग्री कसाले लागस?"

नाना चुकले होते आणि गावही चुकलं होतं. पण मुलं आणि पालक अजूनही हेच दोन प्रश्न घेऊन येतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. माणसाच्या अंगाला लागणारं, अंगात बसणारं किंवा अंगातलं काही मोजणारं जे जे यंत्र दवाखान्यात असतं, ते बनवायचं, तपासायचं, चालू ठेवायचं, हे बायोमेडिकल इंजिनियरचं काम. यात डॉक्टरकी नाही. नावापुढं 'डॉ.' लागत नाही, औषध लिहिता येत नाही. बारा आणे इलेक्ट्रॉनिक्स, उरलेल्या चार आण्यांत शरीरशास्त्र, मेकॅनिक्स आणि कायदा. नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून 'मेडिकलच्या जवळचं काहीतरी' शोधत इकडं येणारी मुलं दुसऱ्या वर्षी सर्किटच्या पेपरला रडतात. मी पाहिलीत, आणि त्यातला थोडासा मीही होतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दहावी ते बारावीच्या मुलांसाठी हे लिहितोय. ज्या क्रमानं करायचं त्याच क्रमानं सांगतो.

आधी दवाखाना, मग फॉर्म

फॉर्म भरायच्या आधी आपल्या तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, नाहीतर गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र बघून या. ओळखीची सिस्टर, फार्मासिस्ट, आरोग्यसेवक कुणी ना कुणी असतंच. गर्दी ओसरल्यावर, दुपारी तीन-चारच्या सुमारास जा.

आरोग्य केंद्रात लस ठेवायचा एक फ्रीज असतो, त्याला आयएलआर म्हणतात. त्याच्या आतल्या भिंतीला बर्फाचा थर असतो, म्हणून लाइट गेली तरी थंडी बराच वेळ टिकते. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. बाहेर मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात, आणि आत त्या बाटलीला ८ च्या वर जाऊ द्यायचं नाही. सिस्टर दिवसातून दोनदा तापमान वहीत लिहिते. ती वही मागून पाहा. लाइट गेलेल्या दिवशी आकडा कसा वर सरकलाय ते दिसेल.

मग ऑटोक्लेव्ह दाखवा म्हणावं. ती कुकरची थोरली बहीण आहे. आत १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाब साधारण पंधरा-वीस मिनिटं ठेवला की जंतूंचे चिवट बीजाणूसुद्धा मरतात. प्रसूतीच्या खोलीत बाळाला ऊब देणारं वॉर्मर असतं. कावीळ झालेल्या बाळाला ठेवायचा निळा दिवा असतो. आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तर कोरोनात घरोघरी पोचला. त्यात दोन दिवे असतात, एक लाल ६६० नॅनोमीटरचा आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा, ९४० चा. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्या फरकावरून तो ९७, ९८ सांगतो. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये ही युक्ती काढली. ते इंजिनियर होते, डॉक्टर नव्हते.

हे पाहताना मनात काय येतंय त्याकडं लक्ष ठेवा. 'या बाळाला काय झालंय, वाचेल का?' एवढंच येत असेल तर तुमचा जीव डॉक्टरकीत किंवा नर्सिंगमध्ये आहे, तिकडं जा. 'हे बंद पडलं तर कोण येतं, कुठून येतं, किती दिवसांनी येतं?' असं आलं, तर पुढं वाचा.

कुणाची परवानगी न घेता एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या खोलीत शिरू नका, आणि फोटो तर कुठंच काढू नका. सोनोग्राफी मशीनवर १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक नजर असते. तुमच्या हौसेपायी कुणाची तरी चौकशी लागायची.

अकरावीत मॅथ्स सोडू नका

हा भाग छोटा आहे, पण इथं चुकलं की पुढचं सगळं बंद. इंजिनियरिंगला फिजिक्स आणि मॅथ्स लागतंच. फक्त पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी घेऊन बारावी केली तर नाव 'बायो'मेडिकल असूनही इथं प्रवेश नाही. बायोलॉजीची ओढ असेल तर चारही विषय ठेवा, म्हणजे नीट आणि सीईटी दोन्ही देता येतील. ओझं वाढतं, खरंय. पण बायोलॉजी नसलं म्हणून अडत नाही. लागेल तेवढं शरीरशास्त्र कॉलेजात पहिल्यापासून शिकवतात.

दहावीनंतर डिप्लोमा करून येणाऱ्यांसाठी वेगळा रस्ता आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा किंवा मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येता येतं. माझ्या वर्गात डिप्लोमावाली पोरं सोल्डरिंगला आमच्यापेक्षा कितीतरी सरस होती. मॅथ्सला मात्र धापा टाकायची.

सीईटी आणि ऑप्शन फॉर्म

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात १५० प्रश्न, २०० मार्क. मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, म्हणजे निम्मे मार्क एकट्या मॅथ्सचे. फिजिक्स-केमिस्ट्रीला प्रत्येकी ५०. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडून उठायचं नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. आपल्याकडं अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष मानतात, ती सवय इथं नडते. शिवाय बारावीला ठरलेल्या विषयांत खुल्या वर्गाला ४५ आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजं पसंतीच्या क्रमानं भरायचा फॉर्म. ही शाखा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कॉलेजांत असते, आणि राज्यात तिचा जुना पट्टा मुंबई-नवी मुंबईचा. शाखा सुरू होतात तशा बंदही होतात. म्हणून मोठ्या भावाच्या वेळची यादी घेऊन बसू नका, सीईटी सेलची चालू वर्षाची यादीच उघडा.

मी इथं एक चूक केली होती. बारावी ज्या विद्यापीठाच्या हद्दीतून केली ते तुमचं होम युनिव्हर्सिटी. आपल्या तिन्ही जिल्ह्यांचं ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. मुंबईच्या कॉलेजात आपण 'बाहेरचे'. कटऑफच्या पीडीएफमध्ये जी-ओपन-एच, जी-ओपन-ओ, जी-ओपन-एस असे रकाने दिसतात. शेवटचं अक्षर एच असेल तर होम, ओ असेल तर बाहेरचे, एस असेल तर राज्यपातळी. सुरुवातीला एल असेल तर ती मुलींची जागा. मी आख्खा जून एचचा रकाना बघून स्वप्नं रंगवली. माझा रकाना ओचा होता, आणि पारंपरिक वाटपात बाहेरच्यांच्या वाट्याला ३० टक्केच जागा. तीन कॉलेजं यादीत वर ठेवली होती, तीनही हुकली. तुम्ही पहिल्या दिवशी आपला रकाना ओळखा आणि फक्त त्याच रकान्यावर बोट ठेवून खाली या.

पहिल्या क्रमांकाची निवड मिळाली की सीट आपोआप फ्रीझ होते, नंतर 'बघू अजून' चालत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका जिथं मिळालं तर डोळे झाकून जाल.

महाराष्ट्राबाहेरही बघा. धुळे-शिरपूरहून इंदूर मुंबईपेक्षा जवळ पडतं आणि तिथल्या एसजीएसआयटीएसमध्ये ही शाखा आहे. मात्र त्या राज्याच्या काउन्सेलिंगमध्ये बहुतेक जागा तिथल्याच मुलांना जातात. जेईई मेनच्या जोरावर एनआयटी रुरकेला आणि एनआयटी रायपूर, ॲडव्हान्स्डच्या जोरावर आयआयटी हैदराबाद. आयआयटी मद्रासनं २०२३ पासून मेडिकल सायन्सेस अँड इंजिनियरिंगचा चार वर्षांचा बीएस सुरू केलाय. त्याला जेईई नाही, आयसर या विज्ञान संस्थांची ॲप्टिट्यूड टेस्ट लागते. खानदेशातल्या फार थोड्या मुलांना हे माहीत असतं.

आणि एक मत, ज्यावर माझ्या शाखेचेच मित्र माझ्याशी भांडतात. बायोमेडिकल मिळतंय पण कॉलेज कामचलाऊ आहे, लॅबमधली यंत्रं कपड्याखाली झाकलेली आहेत, आणि दुसरीकडं जळगाव-धुळ्याच्या बऱ्या कॉलेजात ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) मिळतंय, तर ईअँडटीसी घ्या. कंपन्या सर्व्हिस इंजिनियर म्हणून इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनाही घेतात, आणि पुढं एमटेक बायोमेडिकलमध्ये करता येतं. नुसतं नाव पाहून चार वर्षं मुंबईच्या रूमचं भाडं भरण्यात अर्थ नाही.

कागद आणि पैसा

जातीचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल. जातवैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो, विशेषतः नंदुरबारकडच्या आदिवासी मुलांना. अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका. सीईटीचा निकाल लागल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही.

वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे ट्यूशन फी माफीची जागा मागता येते. तिच्या चॉइस कोडच्या शेवटी टी असतो. कॉलेजच्या नेहमीच्या कोडसोबत तो वेगळा भरावा लागतो, अनेकजण विसरतात. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यावर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'पोरीला मुंबईला कुठं पाठवता' म्हणणाऱ्या आप्पांना हे आवर्जून सांगा. बाकी शिष्यवृत्त्या सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, आणि होस्टेल मिळालं नाही तर आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम्, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी मेडिकलसारखं जवळजवळ काहीच नसतं. एम-वन, एम-टू (मॅथ्सचे पेपर), फिजिक्स, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, प्रोग्रामिंग. 'आम्हाला फसवलं' असं वाटतं. वाटू द्या. या वर्षी स्वतःच्या पैशानं एक मल्टीमीटर, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि एक ब्रेडबोर्ड घ्या. दिवाळीला घरी आलात की वायरमन काकांना शेजारी उभं करून घरातलं व्होल्टेज मोजा. एकट्यानं करू नका. सकाळी आणि संध्याकाळी, शेतातल्या मोटारी सुरू झाल्यावर २३० चा आकडा किती खाली येतो ते आठवडाभर वहीत लिहा. आपल्या भागातली दवाखान्याची निम्मी यंत्रं कशानं आजारी पडतात हे त्या वहीतून कळेल.

भाषेचं थोडं. मुंबईत तुमचं 'काय करी ऱ्हायना' ऐकून दोन-चार जण हसतील. ओरलला इंग्रजी अडेल. रोज एक पान मोठ्यानं वाचा, जमतं. अहिराणी मात्र टाकू नका. पुढं धडगाव किंवा साक्रीच्या दवाखान्यात काम करताना 'आपला माणूस' म्हणून सिस्टर खरी अडचण सांगते. कंपनीच्या फॉर्मवर ती कधीच येत नाही.

दुसरं वर्ष: इथं केटी लागते

ॲनाटॉमी-फिजिओलॉजीला मुलं घाबरतात, पण ते वाचून पाठ होतं. त्यातही शेतकऱ्याच्या पोराला फायदा आहे. ज्यानं केळीच्या बागेत ड्रिपची लॅटरल साफ केलीय त्याला रक्ताभिसरण वेगळं शिकवावं लागत नाही. दाब तोच ठेवून बारीक नळीची त्रिज्या निम्मी केली तर संथ वाहणारा प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. हा प्वाझॉयचा नियम. रक्तवाहिनी चोंदत गेली की छातीत का दुखतं आणि स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी घालून ती उघडली की माणूस का उठून बसतो, हे यात आलं.

दमवतात ते एम-थ्री आणि सिग्नल्स अँड सिस्टिम्स. लाप्लास, फूरिये, कन्व्होल्यूशन. मला सिग्नल्सला केटी लागली, म्हणजे पेपर राहिला. कारण एकच, मी ते सूत्र म्हणून पाठ करत होतो. डोक्यात प्रकाश पडला तो तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात, वर्गाबाहेर.

सुट्टीत एका सर्व्हिस इंजिनियर भाऊंच्या मागं गाडीवर बसून फिरत होतो. एका तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होममधून फोन आला, ईसीजी मशीन खराब झालंय. गेलो. कागदावर हृदयाची रेघ होती, पण जाडजूड, पेन्सिलनं गिरवल्यासारखी. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. भाऊंनी खिशातून भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "एका मिलिमीटरात किती लाटा शेत, मोज." मोजल्या. दोन. २५ गुणिले २, पन्नास. म्हणजे हृदय नव्हे, एमएसईबीची ५० हर्ट्झची लाइट त्या रेघेवर बसली होती. मशीनवर फिल्टरचं बटण होतं, ते दाबलं असतं तर रेघ बारीक दिसली असती. त्यांनी दाबलं नाही. भिंतीच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मल्टीमीटर लावला. तिथं दोन-एक व्होल्टच्या वर काही नको, आणि आकडा वीसच्या वर होता. मग आम्ही इमारतीच्या मागं गेलो. अर्थिंगचा खड्डा मे महिन्याच्या उन्हात भेगाळून कोरडा ठणठणीत पडला होता. कंपाउंडरकडून दोन बादल्या पाणी मागवून ओतलं. चहा झाला. अर्ध्या तासानं पुन्हा पट्टी काढली, रेघ केसासारखी बारीक. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, हे तात्पुरतं आहे, इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग नवीन करून घ्या, नाहीतर उद्या पेशंटला झटका बसेल. मशीनचा एक स्क्रूसुद्धा उघडला नव्हता.

हृदयाचा सिग्नल छातीवर एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो. भोवतालची लाइट अंगावर त्याच्या कितीतरी पट बसते. या गोंगाटातून तेवढाच सिग्नल कसा वेगळा काढायचा, हाच तो सिग्नल्सचा पेपर. त्या जूनमध्ये केटी सुटली.

स्वतःचा ईसीजी बनवा

हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीला कराच. कॉलेज सांगायची वाट बघू नका. आधी एडी८२३२ या ईसीजीच्या चिपचं तयार मॉड्यूल आणि आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) घेऊन पडद्यावर रेघ आणा. एका संध्याकाळचं काम आहे. आनंद होतो, पण शिकणं तिथं संपत नाही. मग एडी६२० हा इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर घेऊन ब्रेडबोर्डवर स्वतः उभारा. त्याचं गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, एका रेझिस्टरनं ठरतं: ४९.४ किलोओहमला त्या रेझिस्टरनं भागा आणि एक मिळवा. ४९९ ओहम लावला की गेन शंभर. दोन्ही हातांवर एकेक इलेक्ट्रोड, तिसरा उजव्या पायावर. दोन्ही हातांवर सारखाच आलेला गोंगाट तो वजा करतो, फरक तेवढा वाढवतो. पहिल्यांदा रेघ येणार नाही, नुसती ५० हर्ट्झची गादी येईल. वायरी पिळून घ्या, मोबाइलचा चार्जर लांब ठेवा, इलेक्ट्रोडखाली जेल लावा, पुन्हा बघा.

एक गोष्ट ओरडून सांगतो. अंगाला इलेक्ट्रोड लावलेत तर सर्किट फक्त बॅटरीवर, आणि लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढलेला. हसू नका. अंगाला जोडलेल्या उपकरणातून किती करंट गळलेला चालतो यासाठी आयईसी ६०६०१ नावाचं जगभर मानलं जाणारं मानक आहे, आणि तुमच्या ब्रेडबोर्डनं ते वाचलेलं नाही.

मित्रांच्या छातीला वायरी लावून कंटाळलात की फिजिओनेट या संकेतस्थळावर एमआयटी-बीआयएच नावाचा ईसीजीचा फुकट डेटा आहे. ४८ नोंदी, प्रत्येकी अर्ध्या तासाची, सेकंदाला ३६० नमुने, प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांची खूण. पायथनमध्ये उघडा, ठोके मोजणारा प्रोग्रॅम लिहा, आणि तज्ज्ञांच्या मोजणीशी ताडून बघा. पहिल्या प्रयत्नात लाज वाटेल एवढा फरक येतो.

सुट्टी घरी काढा, पण घरात नको

मुंबईची मुलं उन्हाळ्यात मोठ्या हॉस्पिटलांच्या इंटर्नशिपसाठी रांगा लावतात. तिथं पंधरा जणांच्या घोळक्यात तुम्हाला दुरून एमआरआय दाखवतात. तुम्ही कॉलेजचं पत्र घेऊन जिल्हा रुग्णालयात सिव्हिल सर्जनना भेटा, नाहीतर मेडिकल कॉलेजच्या अधिष्ठात्यांना. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडं आता शासकीय मेडिकल कॉलेज आहे. एक महिना द्या. पत्रावर 'विनामानधन' लिहा, लवकर होकार येतो.

तिथं तीन ठिकाणी वेळ घालवा. डायलिसिस, कारण तिथं पाणी, दाब, तापमान, अलार्म सगळं एका यंत्रात बघायला मिळतं आणि टेक्निशियन बोलके असतात. ऑक्सिजन प्लांट, २०२१ मध्ये हे जिल्ह्याजिल्ह्यात बसले. झिओलाइट नावाचे दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि पलीकडं साधारण ९३ टक्के ऑक्सिजन निघतो. फिल्टर वेळेवर बदलला नाही की काय होतं ते विचारा. आणि भंगाराची खोली. प्रत्येक दवाखान्यात एक असते. कोपऱ्यात पडलेल्या यंत्रांची यादी करा: काय बिघडलं, कधीपासून पडलंय, कशासाठी अडलंय. बहुतेक वेळा अडलेलं असतं ते एका बॅटरीपायी, एका सेन्सरपायी, एका सहीपायी. माझ्या यादीतलं एक वॉर्मर तापमानाच्या प्रोबची वायर तुटली म्हणून वर्षभर बाजूला पडलं होतं.

काही यंत्रांवर नंबर आणि फोनचं स्टिकर दिसेल. राष्ट्रीय आरोग्य अभियानानं २०१५ पासून सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची देखभाल बाहेरच्या कंपन्यांकडं सोपवायचा कार्यक्रम सुरू केला, त्याचं ते स्टिकर. 'यात सरकारी नोकरी आहे का?' या घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. कायम पदं थोडी, कंत्राटदार कंपनीतलं काम जास्त.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आपल्या मातीतला घ्या

बाजारातून तयार प्रोजेक्ट विकत घेऊ नका. परीक्षकांना तो तीन वर्षांपूर्वीपासून पाठ असतो.

नंदुरबारच्या सातपुड्यात भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. केंद्रानं १ जुलै २०२३ ला त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. गावपातळीवर सोल्युबिलिटी टेस्ट होते, पक्कं निदान प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासण्यांवर. मधल्या टप्प्यावर, सूक्ष्मदर्शकातल्या फोटोंतून विळ्यासारख्या पेशी ओळखण्यावर काम करता येतं. सुरुवात उपलब्ध फोटोंच्या संचावर करा. खऱ्या पेशंटचं रक्त किंवा माहिती हवी असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी, बाकी सगळं नंतर.

किंवा तो आरोग्य केंद्रातला आयएलआर. ईएसपी३२ बोर्ड आणि डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावून तापमान आणि लाइटची नोंद ठेवता येते, खर्च हजारभराच्या आत बसतो. मात्र ई-विन नावाची सरकारी व्यवस्था लसीच्या तापमानावर आधीच लक्ष ठेवते. 'आम्ही प्रथमच' असं रिपोर्टात लिहू नका. आपल्या उन्हात, आपल्या लाइटवर तीन महिन्यांत फ्रीज कसा वागला याचा तक्ता ठेवा. परीक्षक त्यावरच प्रश्न विचारतील आणि उत्तरं फक्त तुमच्याकडं असतील.

नोकरी

सुरुवात बहुतेकांची फील्ड सर्व्हिसनं होते. बॅग, गाडी, फोन. काहींना ते कमीपणाचं वाटतं. मला दोन वर्षांत जे कळलं ते कॉलेजात कळलं नसतं. याशिवाय मोठ्या हॉस्पिटलचा स्वतःचा बायोमेडिकल विभाग, डॉक्टरांना यंत्र वापरायला शिकवणारा ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट, कारखान्यातलं डिझाइन आणि क्वालिटी.

कारखाने म्हटलं की सगळ्यांना बंगळूर-पुणे दिसतं. ते आहेच. पण निम्मं खानदेश ज्या सुरतेला ताप्ती लाइननं कामाला जातं, तिथं हृदयाचे स्टेंट बनतात, आणि पुढं वापीतही बनतात. नंदुरबारच्या पोराला सुरत पुण्यापेक्षा जवळ.

एक दालन मुलांच्या नजरेत येत नाही, रेग्युलेटरी, म्हणजे नियम आणि परवान्यांचं काम. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ चे, १ जानेवारी २०१८ पासून लागू. उपकरणं धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी अशी लावलेली. जीभ दाबायची पट्टी ए मध्ये, हृदयाची झडप डी मध्ये. १ ऑक्टोबर २०२२ पासून ए-बी वर्गातल्या बहुतेक उपकरणांना आणि २०२३ च्या त्याच तारखेपासून सी-डी वर्गाला परवाना सक्तीचा झाला. त्यामुळे नियम वाचून फाइल नीट लावणारा माणूस प्रत्येक कंपनीला लागतो. ज्याला सोल्डरिंग नको पण बारकाव्यानं लिहायला आवडतं त्यानं इकडं बघावं. आयएसओ १३४८५ (उपकरणांचा दर्जा) आणि १४९७१ (धोक्याचं व्यवस्थापन) या दोन मानकांची नावं तिसऱ्या वर्षीच वाचून ठेवा.

पुढं शिकायचं तर एमटेकच्या प्रवेशपरीक्षेत, गेटमध्ये, २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे, बीएम. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था डोक्यात असू द्या. तिथं बनलेली देशी हृदयझडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली.

आणि दुचाकीचं लायसन्स इंटरव्ह्यूच्या आधी काढून ठेवा. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत टेक्निकल सगळं बरोबर आलं. शेवटी साहेबांनी विचारलं, चोपडा, यावल, रावेर एका दिवसात गाडीवर कराल का? मी हो म्हणालो. लायसन्स मागितलं, आणि माझ्याकडं लर्निंगचं होतं, तेही मुदत संपलेलं.